सेनीकाऊच्या पोटावरचा हात

उनाइसीनं उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला, खाली टाकला आणि घामानं ओला तळवा सेनीकाऊ जहाजाच्या उघड्या पत्र्यावर दाबला.

परांचीवरचे रंगाचे सगळे रोलर थांबले.

असं कुणी करत नाही. वाळूचा मारा करून जुना रंग आणि गंज खरवडून काढला, की पत्रा कोरा, करडा होतो आणि बाळाच्या टाळूसारखा जपावा लागतो. त्याला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा यार्डातला पहिला नियम. नव्या माणसानं चुकून बोट लावलं तर उनाइसीच त्याच्या मनगटावर ब्रशचा दांडा हाणायची. आणि आता तीच पाची बोटं पसरून उभी होती. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा, तसा तिनं हात ठेवला होता.

"हात काढ, ताउवू," खालून साकियासी म्हणाला. साकियासी त्यांचा मुकादम.

"काढते की. पण तो इथंच राहणार."

"तुला वेड लागलंय."

"मला? मीठ बसलेल्या पत्र्यावर रंग फासायला निघालात तुम्ही, आणि वेड मला लागलंय. रात्रभर समुद्राचा वारा चालला होता तेव्हा कुठं उलटा लटकला होतास रे, वटवाघळा?"

परांचीवर दोघंतिघं हसली. साकियासीही हसला, त्याला हसावंच लागलं. तिच्या गावाचा आणि त्याच्या गावाचा मूळ देव एकच, म्हणून दोन्ही गावं ताउवू. ताउवूला वाटेल ते बोलावं, त्याच्या चुलीवरचं भांडं उचलून न्यावं, आणि त्यानं हसावं. त्याच्या गावात वटवाघळं खातात म्हणून तो वटवाघूळ. तिच्या गावात खेकडे, म्हणून ती खेकडी. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. विंचच्या तारेनं त्याच्या उजव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका नेली, तेव्हा इस्पितळात पहिला विनोद तिनंच केला होता, की आता याला पगार मोजायला दुसऱ्याचा हात लागणार.

उनाइसीनं हात उचलला. पत्र्यावर ओला पंजा उमटला होता. नोव्हेंबरच्या उन्हात तो बघता बघता वाळला, आणि मग तिथं काहीच उरलं नाही.

सगळ्यांना ठाऊक होतं की तो तिथंच आहे. माहीत नसण्याचा प्रश्न त्या यार्डात कधीच नव्हता. आदल्या दिवशी दुपारी मारा संपला, प्रायमर चढवायच्या आत आग्नेयेचा वारा सुटला आणि रात्रभर सुवा शहराच्या खाडीवरून खारे तुषार उडत राहिले. सकाळी पत्रा स्वच्छ दिसत होता. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट. अशा वेळी पत्रा गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायचा, वरून हलका मारा करायचा आणि मग प्रायमर लावायचा. पण तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. शहरात हे नेहमीचंच. नळ कोरडा, आणि समोर डोळ्यांत मावणार नाही एवढं पाणी.

केल्विन आला. यार्डाचा मॅनेजर. तो काही बाहेरून आलेला साहेब नव्हता. याच परांचीवर रोलर मारत मारत वर गेलेला माणूस होता तो. त्याला सगळं कळत होतं, आणि वाईट तेच होतं.

"काय झालं? रोलर का थांबले?"

"उनाइसीनं पत्र्याला हात लावला," वरून कुणीतरी म्हणालं.

"मग पुसा."

"पुसून जात नाही, केल्विन," उनाइसी म्हणाली. "धुतलं तरच जातो. धुवा. माझा हात गेला म्हणजे मीठही गेलं. नाही धुतलंत तर दोन्ही रंगाखाली राहतील. मग समुद्र रंगातून झिरपत त्या मिठाला शोधत येईल, आणि माझा हात फोडांनी उगवेल. पाची बोटांसकट."

"पाणी कुठंय धुवायला?"

"टँकर मागव."

"टँकर परवा येणार. मोठी भरती उद्या. उद्या सेनीकाऊ पाण्यात गेली नाही तर पुढची मोठी भरती दोन आठवड्यांनी. नाताळच्या फेऱ्या तोवर सुरू होतात. तुझी माणसं बेटावर कशी जाणार? पोहत?"

"पोहत गेलेली बरी. पोहताना माणसाला निदान कळतं, की आपण पाण्यात आहोत."

जगेसर हसला. तो मारा करणारा. कालचा पत्रा त्यानंच कोरा केला होता, दिवसभर डोक्यावर टोप चढवून, आत घामानं शिजत. त्याच्या दिवसभराच्या कामावर आता मिठाचा थर होता, आणि त्यानं त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

केल्विननं आवाज खाली आणला. "कोरड्या फडक्यानं पुसा आणि प्रायमर मारा. दोन वर्षं काही होत नाही. पाण्याखाली कोण बघायला जातंय?"

"माझी मुलगी."



उनाइसीची सेरा सेनीकाऊवर स्वयंपाकी होती. खलाशांच्या झोपायच्या जागा खाली, पाण्याच्या रेषेच्याही खाली. सेराचा फळकुटाचा बिछाना डाव्या अंगाला, आणि तिच्या उशीच्या पलीकडे हाच पत्रा. मुळात जपानी माणसांनी वापरून टाकलेलं जहाज, त्यात तो पत्रा झिजून झिजून जागोजागी पातळ झालेला. उनाइसीनं हात उगीच कुठंही ठेवलेला नव्हता. आधी तिनं परांचीवरून चालत, झरोके मोजत ती जागा शोधली होती.

"तू मला धमकी देतेस," केल्विन म्हणाला.

"धमकी कसली? खूण करून ठेवली. उद्या म्हणाल की धुतलं होतं, म्हणून."

"मोजा उचल आणि घरी जा. परत येऊ नकोस."

ती परांचीवरून उतरली. मोजा तिनं उचलला नाही. खाली येऊन ती साकियासीसमोर गेली, चिखलातच उकिडवी बसली आणि दोन्ही तळव्यांची ओंजळ करून तिनं तीन संथ, पोकळ टाळ्या वाजवल्या.

माणसं चरकली. या टाळ्या गावच्या प्रमुखापुढं वाजवायच्या, लग्नात, मयतात, मोठं काही मागायचं असेल तेव्हा. यार्डातल्या चिखलात, त्यातही ताउवूपुढं कुणी वाजवत नाही. ताउवूकडून न विचारता घ्यायचं असतं.

"तुझ्याकडे मागते," ती म्हणाली. "पाणी नाही मागत. तू फक्त नाही म्हण. मुकादमानं नाही म्हटलं तर रोलर चालत नाहीत."

साकियासीनं केल्विनकडे पाहिलं नाही. त्यानं पत्र्यावरची धूळ उडवायच्या कॉम्प्रेसरकडे पाहिलं, मग त्याच्या नळीकडे, मग आपल्या बुटांकडे.

"माझीही पोरं आहेत, उनाइसी."

त्यानं तिला ताउवू म्हटलं नव्हतं, नावानं हाक मारली होती. ती उठली. कमरेला गुंडाळलेल्या सुलूला लागलेला चिखल तिनं झटकला.

"बरोबर आहे. तुमचंही खरंच आहे," ती म्हणाली. "येते मी, साकियासी साहेब. उन्हात जास्त उभे राहू नका."

तुमचं. साहेब. परांचीवरच्या एकाही माणसाला ते ऐकवेना. ती फाटकापर्यंत चालत गेली तेव्हा मागं एकही रोलर हलला नव्हता. फाटकाबाहेर पडल्यावर थोड्या वेळानं तिला कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला. काम पुन्हा चालू झालं होतं.

*

बसस्टँडच्या कडेला, बेटांवरच्या बोटींची माणसं जिथून धक्क्याकडे वळतात, तिथं उनाइसीनं खाणं विकायला सुरुवात केली. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेला कसावा, कधी दालोच्या पानांची भाजी. हाताला चव होती. पण गिऱ्हाईक नुसतं जेवून सुटत नसे.

"कुठल्या बोटीनं?"

"सेनीकाऊ."

"डाव्या अंगाला, मध्याच्या थोडं पुढं, पाण्याच्या खाली माझा हात आहे. पंजा. त्यांनी मीठ न धुता वर रंग मारलाय. जहाज वर घेतील तेव्हा बघायला या. घ्या, मासा आणखी वाढू?"

पहिले काही दिवस लोकांना वाटलं, नोकरी गेल्यानं बाईचं डोकं फिरलंय. मग त्याचा विनोद झाला. बोट हलली की कुणीतरी म्हणे, घाबरू नका, उनाइसीनं खालून हात लावलाय. पोरं भांडली की आया म्हणत, उनाइसीचा हात येईल हं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी क्षमेवर प्रवचन दिलं आणि बोलताना तिच्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी प्रवचन थोडक्यात आटोपलं. विनोद तिला चालत होता. विनोद लोक विसरत नाहीत.

केल्विननं निरोप पाठवला, की कंपनीची बदनामी थांबव. तिनं निरोप्याला बसवून जेवू घातलं आणि त्यालाही सगळं सांगितलं, झरोके कसे मोजायचे तेसुद्धा.

सेराला मात्र ती एकदाच बोलली.

"उतर त्या जहाजावरून."

"उतरून कुठं जाऊ? दुसरं कुठलं जहाज धुतलंय त्यांनी?" सेरा कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "आणि मी उतरले तर माझ्या फळकुटावर दुसरी कुणीतरी झोपेल. तिला तुझा हात ठाऊकसुद्धा नसेल."

 बोलण्यात पोरगी आपल्यावर गेली, हे उनाइसीला पहिल्यांदाच आवडलं नाही.

साकियासी आला तो फेब्रुवारीत, एका दुपारी. लांबूनच दिसला, पण बऱ्याच वेळानं जवळ आला. टोपी हातात.

"या, बसा," उनाइसीनं बाक पुसून दिला. "काय वाढू आपल्याला?"

"काहीही."

तिनं मोठा तुकडा वाढला, माशाचं डोकंही दिलं. "गरम आहे. जपून."

तो खाऊ लागला. तिनं पाण्याचा पेला समोर ठेवला, माश्या हाकलल्या, पोरांची चौकशी केली. धाकट्याचा खोकला गेला का. बायकोचे गुडघे कसे आहेत. प्रत्येक प्रश्नाला त्याचा घास लहान होत गेला.

"एखादी शिवी तरी दे," तो शेवटी म्हणाला.

"छे हो. आपण मोठी माणसं."

"वटवाघूळ तरी म्हण."

"वटवाघूळ? असं कसं म्हणेन मी तुम्हाला?"

शेजारी जगेसर जेवत होता. तो पानावरून उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, कारण त्याला हसूही येत होतं आणि ते बघवतही नव्हतं. तिच्या गावचं माणूस ताउवूशी इतकं गोड बोललं, म्हणजे त्या ताउवूचं काही खरं नाही, हे गावाबाहेरच्यालाही कळत होतं.

साकियासीनं माशाचं डोकं पानात तसंच टाकलं. माशाचं डोकं टाकणारा माणूस त्या बेटांवर जन्माला आलेला नाही. तो उठला. त्यानं उजवा हात थोडा वर उचलला, त्याकडे पाहिलं आणि खिशात घातला.

"येतो."

"या हं. घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांगा."

*

ऑगस्टमध्ये सेनीकाऊचा पाण्यातला पंखा प्रवाळाला घासला आणि तिला वेळेआधी वर ओढावं लागलं.

जगेसर यार्डातून धावतच बसस्टँडवर आला. अंगातला कामाचा डगला तसाच, तोंडावर वाळू.

"दीदी, चल. वर घेतलीय. धुतायत आता."

"धुतायत?" ती म्हणाली. "आज पाणी आलं वाटतं."

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. बाकावर जेवत बसलेली माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांतली निम्मी त्याच बेटांची, आज बोट नाही म्हणून अडकलेली. एक म्हातारा ताट हातात घेऊनच उठला. मग बाकीची उठली.

फाटकावरच्या रखवालदारानं हात आडवा केला. "तुला सोडायचं नाही असा हुकूम आहे, उनाइसी."

"मग तू तिकडं बघ."

तो तिकडं बघू लागला. तिच्यामागून पंधरा-वीस माणसं आत गेली, तरी त्याला तिकडचं काहीतरी फारच बघण्यासारखं सापडलं होतं.

जहाज उतारावर, आधाराच्या लोखंडी पाळण्यात बसलं होतं. त्याच्या पोटावरून शेवाळ लोंबत होतं आणि फवाऱ्याखाली गळून पडत होतं. खाली लाल रंग दिसू लागला होता. डाव्या अंगाला केल्विन उभा होता, शेजारी बंदर खात्याचा तपासनीस, हातात लहान हातोडी. सेरा आणि खलाशी एका बाजूला. रंगाऱ्यांची टोळी आपापल्या जागी उभी होती आणि कुणीच काम करत नव्हतं.

उनाइसीला शोधावं लागलं नाही. सगळे तिकडेच बघत होते.

लाल रंगातून पंजा वर आला होता. वाटाण्याएवढे फोड, खेटून बसलेले, तळवा आणि पाच बोटं. अंगठा थोडा बाहेर गेलेला, जसा तिचा जातो. आठ-नऊ महिने समुद्रात राहून तो तिच्या हातापेक्षा थोडा मोठा झाला होता.

तिच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्यानं ताट खाली ठेवलं आणि टोपी काढली.

तपासनीसानं हातोडीच्या टोकानं एक फोड फोडला. आतून पाणी आलं, आणि पाण्यामागून काळा गंज. त्यानं बाजूला हातोडी ठोकली. आवाज भरीव यायला हवा होता. तो डब्यासारखा आला.

"हे तिनंच केलंय," केल्विन म्हणाला. "मुद्दाम. पन्नास साक्षीदार आहेत. कामावरून काढल्याच्या रागानं केलं."

"काढलंस नंतर, हात आधी लावला होता," उनाइसी म्हणाली. "खोटं बोलायचं तर निदान ओळीनं बोल."

"एक हात आहे. तेवढा भाग घासू, परत रंगवू. बाकी रंग ठीक आहे," केल्विन तपासनीसाला म्हणाला. "पत्रा आम्ही धुतला होता."

त्याच वेळी, परत येऊन फवारा हाती घेतलेला जगेसर मागच्या बाजूला चार पावलं सरकला होता. त्यानं नळी बंद केली.

"इथं एक आहे," तो म्हणाला.

दुसरा पंजा होता. रुंद, बोटं आखूड.

"हा कुणाचा?" तपासनीसानं विचारलं.

जगेसरनं मोजा काढला, आपला हात बघितला, जणू तो नाही म्हणेल अशी त्याला आशा होती. "माझा," तो म्हणाला. "मला वाटलं, मी एकटाच आहे."

परांचीवरून कुणीतरी फस्सकन हसलं. मग मेरेसियाना, टोळीतली सगळ्यांत अबोल बाई, म्हणाली, "थोडं पुढं मार रे पाणी. वरच्या बाजूला."

जगेसरनं पाणी मारलं. तिथं एक लहानसा पंजा होता. त्याच्यापुढं आणखी एक. मग दोन जवळजवळ, एकाच माणसाचे दोन्ही हात, भिंत ढकलावी तसे. शेवाळ खाली पडत होतं आणि हात वर येत होते. ज्यांचे होते ती माणसं एकमेकांकडे बघत होती. नऊ महिने एका करवंटीतून यांगोनाच्या मुळीचं पेय प्यायली, आणि एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

"बघितलंत?" केल्विनचा आवाज चढला होता. "सगळ्यांनी मिळून बिघडवलंय. धुतल्यावर हात लावलेत. एकेकाला काढीन."

"हातांच्या मधे बघा, साहेब," उनाइसी तपासनीसाला म्हणाली.

तपासनीसानं डोकं पत्र्याजवळ नेलं. हातांच्या मधल्या लाल रंगावर बारीक पुरळ होतं, घामोळं उठावं तसं, पार टोकापर्यंत. त्यानं त्यावरून बोट फिरवलं.

"पाण्यात फोड येतातच," केल्विन म्हणाला. "पत्रा धुतला होता. मुकादमाला विचारा. त्याच्यासमोर धुतला. विचारा ना."

तपासनीस वळला. साकियासी पाळण्याच्या तुळईपाशी उभा होता. त्या उकाड्यातही त्याच्या दोन्ही हातांत मोजे होते.

"धुतला होता का?"

उनाइसी त्याच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या हाताकडे बघत होती, पत्र्यावरच्या. त्याच्या पलीकडे सेराची उशी होती.

साकियासीनं जगेसरच्या हातातून नळी घेतली. "इकडं या," तो तपासनीसाला म्हणाला आणि तुळईखाली वाकला. जहाजाचं पोट जिथं कण्याकडे वळतं, तिथं माणसाला उताणं पडून, चिखलात सरपटत जावं लागतं. रंगारी तिथं शेवटी जातात आणि नाइलाजानं जातात. साकियासी तसाच सरपटत आत गेला. तपासनीसानं आपल्या स्वच्छ पँटकडे पाहिलं आणि मागोमाग गेला. उनाइसी गुडघ्यांवर बसून वाकली.

पाणी सुरू झालं. हिरव्या शेवाळाचा लगदा साकियासीच्याच तोंडावर पडला. तो त्यानं बाहीनं पुसला आणि पाणी मारत राहिला.

तिथं एक हात होता. अंगठा, दोन बोटं, मधे एका बोटाची मोकळी जागा, मग करंगळी.

"नाही धुतला," साकियासी उताणा पडूनच म्हणाला. "ती गेली तेव्हा मी मुकादम होतो, नाही म्हणायचं धाडस झालं नाही. प्रायमर इथवर आला तेव्हा बाकी सगळे वर होते. मी एकटाच खाली होतो. धुतलेल्या पत्र्यावर मुकादम कशाला हात लावेल?"

केल्विन काहीतरी बोलला, पण नळीच्या आवाजात ते ऐकू आलं नाही आणि कुणी पुन्हा विचारलंही नाही.

तपासनीस बाहेर आला. पाठभर चिखल. त्यानं खिशातून खडू काढला आणि सेराच्या उशीपलीकडच्या पत्र्यावर, पंजाला सगळीकडून मोकळी जागा सोडून, एक मोठा चौकोन ओढला. "हा कापून नवा बसवायचा. बाकीचं सगळं परत कोरं करा. मी सांगेपर्यंत हिला पाणी दाखवायचं नाही." मग थांबून म्हणाला, "म्हणजे समुद्र. नळाचं दाखवा."

मागं उभ्या असलेल्या प्रवाशांतून एक बाई म्हणाली, "मग आम्ही घरी कधी जायचं?" म्हातारा तिला म्हणाला, "थांब की गं. कसावा खाऊ." आणि चिखलात ठेवलेलं ताट त्यानं उचललं.

साकियासी तुळईखालून निघाला. डोक्यापासून पायापर्यंत हिरवा, काळा. नळी हातात तशीच वाहत होती. सगळी टोळी बघत होती. तो उनाइसीसमोर उभा राहिला. रीतीनं माफी मागायची तर देवमाशाचा दात हवा, चटई हवी, चार वडीलधारी हवीत. त्याच्याकडे नळी होती.

उनाइसीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बराच वेळ घेतला तिनं.

"तुझ्या आईनं तुला चिखलातच जन्म दिला होता, हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "पण चारच बोटांचा हात लावून वर मुकादम म्हणवतोस, मेल्या वटवाघळा?"

परांचीवर कुणीतरी श्वास सोडला. साकियासीचा चेहरा चिखलाखाली हलला. हसला की काय, ते जवळच्यांनाही नीट कळलं नाही.

"बाजूला हो, खेकडे," तो म्हणाला.  "पाणी मारायचंय. भिजशील."

ती बाजूला झाली नाही.